कटऑफ 3.2 वर होता, तरी लायपो मेली कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1/10 मापाची, ब्रशलेस मोटरची रिमोटवरची (आरसी) बगी, त्यात 2एस (म्हणजे दोन सेल एकापुढे एक जोडलेला) 5000 एमएएचचा हार्डकेस लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक, ईएससीवर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर, कटऑफ प्रत्येक सेलला 3.2 व्होल्ट. गाडी मंदावली तशी थांबवली, स्विच बंद केला आणि पॅक न काढता गाडी कपाटात ठेवली. दोन आठवड्यांनी बघितलं तर अख्खा पॅक 3.9 व्होल्टवर: एक सेल 2.6, दुसरा 1.3. चार्जर ‘लो व्होल्टेज’ दाखवून नकार देतो. पॅक वाचेल का, आणि कटऑफ लावलेला असताना हे झालंच कसं?

पॅक गेला. 1.3 व्होल्टवर आलेला सेल परत चार्ज करायच्या भानगडीत पडू नका. त्याचं कारण पुढं लिहितो, पण आधी कटऑफचं बघू. ते नीट कळलं नाही तर नवा पॅकही याच वाटेनं जाईल.

ईएससीचा कटऑफ फक्त मोटर थांबवतो, बॅटरी तोडत नाही. रिसीव्हर आणि सर्व्होला (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरला) वीज पुरवणारा ईएससीतला भाग, बीईसी, चालूच राहतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. मोटर बंद पडली तरी धावत्या गाडीचं स्टिअरिंग तुमच्या हातात राहिलं पाहिजे. म्हणजे कटऑफ लागला त्या क्षणानंतरही पॅकमधून करंट जातच असतो. ईएससी, रिसीव्हर आणि उभा सर्व्हो मिळून शे-सव्वाशे मिलीअँपिअर सहज खातात, ईएससीला पंखा असेल तर आणखी. 5000 च्या पॅकमध्ये कटऑफनंतर दहा टक्के उरलेत असं धरलं तर ते झाले 500 एमएएच. स्विच चालू विसरलात तर चार-पाच तासांत खेळ खलास. संध्याकाळी मैदानावरून आलात, जेवलात, झोपलात. सकाळी पॅक मेलेला.

तुम्ही तर स्विच बंद केला होता. पण तो एवढासा स्विच बॅटरीच्या जाड तारेवर नसतो. साठ-ऐंशी अँपिअर झेलणारा स्विच गाडीत मावणारच नाही. बहुतेक ईएससींत तो फक्त बीईसीला आणि आतल्या कंट्रोलरला ‘झोप’ म्हणून सांगतो. बॅटरीच्या तारा ईएससीच्या बोर्डाला जोडलेल्याच राहतात आणि बोर्डावरून थोडासा करंट झिरपत राहतो. किती, ते मॉडेलवर अवलंबून. समजा दीड मिलीअँपिअर. दिवसाला 36 एमएएच, 14 दिवसांत 504. कटऑफनंतर उरले होते तेवढेच! तुमचे आकडे या हिशेबात चपखल बसतात. कटऑफ बिघडलेला नव्हता, त्यानं आपलं काम केलं होतं. मी पाहिलेल्या मेलेल्या पॅकांतले बरेचसे असेच घरात, गाडीला जोडलेले असताना गेले. म्हणून पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपाय: गाडी थांबली की स्विच बंद करण्याआधी मनात कनेक्टर यायला हवा. पॅक बाहेर काढल्याशिवाय गाडी घरात न्यायची नाही. मुलं गाडी चालवत असतील तर हे त्यांच्यावर सोडू नका, तुम्ही स्वतः बघा.

आता दोन सेल सारखे का नाही उतरले? ईएससीला सेल दिसत नाहीत, पॅकचं एकूण व्होल्टेज दिसतं. 2एसला 3.2 चा कटऑफ म्हणजे एकूण 6.4. एक सेल 3.45 वर आणि दुसरा 2.95 वर असला तरी बेरीज 6.4 च येते, ईएससीच्या लेखी सगळं ठीक. नव्या पॅकमध्ये हा फरक नगण्य असतो. पन्नासेक वेळा चार्ज होऊन वापरलेल्या, उन्हात तापलेल्या पॅकमध्ये एक सेल नेहमी आधी दमतो, आणि शेवटच्या टप्प्यात थोडा फरकही फार मोठा होतो. लायपोचं व्होल्टेज सरळ रेषेत उतरत नाही, घाटमाथ्यावरून कोकणकड्याकडे चालत गेल्यासारखं असतं. 4.2 पासून 3.7 पर्यंतच्या अर्ध्या व्होल्टमध्ये जवळजवळ सगळी साठवण संपते, आणि उरलेल्या थोडक्या टक्क्यांत सेल 3.7 वरून थेट 3.0 ला कोसळतो. हे आकडे निवांत पडलेल्या सेलचे आहेत, थ्रॉटल दाबलेला असतानाचे नाहीत. त्या फरकावरच पुढचा सगळा घोळ आहे.

कटऑफ किती ठेवावा, या प्रश्नाला एकच आकडा देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. करंट वाहत असताना सेलचा आतला रोध व्होल्टेज खाली ओढतो. चांगल्या सेलचा रोध 3 मिलीओम धरा: 60 अँपिअरला 0.18 व्होल्ट खाली. जुन्या सेलचा 8 मिलीओम झाला असेल तर तोच झटका 0.48 व्होल्टचा. म्हणजे वेगवान बगीत ईएससीला 3.2 दिसले तेव्हा सेल खरा 3.4 किंवा 3.7 वर आहे. थ्रॉटल सोडला की व्होल्टेज परत वर येतं. याउलट क्रॉलर घ्या. दगडांवरून हळू चढणारी गाडी, करंट सरासरी पाच अँपिअर. तिथं व्होल्टेज जेमतेम 0.015 नं वाकतं. ईएससीला 3.2 दिसले म्हणजे सेल खरोखरच 3.2 वर आहे, जवळपास रिता. त्यामुळं गाडी जितकी शांत, कटऑफ तितका वर हवा. बहुतेक जण उलटं समजतात, क्रॉलरला काय, तिला कुठे ताण पडतो! माझ्या मते क्रॉलरला 3.5, घरच्या मैदानावर उधळायच्या बगीला 3.4. शर्यतीत शेवटच्या फेरीला गाडी मंदावून चालत नाही, तिथं 3.2 ठेवणारे लोक आहेत. पण ते पाच-सहा मिनिटांत गाडी उचलतात आणि लगेच पॅक काढतात.

याच वाकण्यामुळं आणखी एक वाईट सवय लागते. कटऑफ लागतो, गाडी थांबते, दोन मिनिटं थांबून परत थ्रॉटल दिला की ती चालते, आणि वाटतं अजून जीव आहे. व्होल्टेज वर आलंय, साठा वाढलेला नाही. अशा प्रत्येक ‘अजून एक फेरी’नं दुबळा सेल त्या कड्यावरून आणखी खाली जातो. एकदा कटऑफ लागला की पॅक संपला असं समजायचं. गाडी दूर रस्त्यापलीकडे असेल तर हळूहळू परत आणा, एवढीच सूट.

सेटिंग प्रत्यक्षात लागलेलं आहे का हेही तपासा, कारण इथं गफलती फार. हॉबीविंगच्या 1060 या ब्रश्ड ईएससीवर लायपो की निकेलची (एनआयएमएच) बॅटरी, हे एका छोट्या जंपरनं, म्हणजे पिनांवर बसणाऱ्या टोपीनं, ठरतं. जंपर निकेलवर राहिला तर कटऑफ साडेचार व्होल्टच्या आसपास लागतो, म्हणजे 2एसला प्रत्येकी 2.25. गाडी मस्त चालते आणि दर वेळी पॅक मारत असते. ट्रॅक्ससच्या एक्सएल-5 वर रंग बघायचा: हिरवा दिवा म्हणजे लो-व्होल्टेज ओळख चालू, लाल म्हणजे बंद. लाल दिव्यावर लायपो लावायची नाही. सेकंडहँड गाडी घेतलीत तर हे आधी बघा. आधीचा मालक निकेलच्या बॅटऱ्या वापरत असेल तर त्यानं कटऑफ बंद केलेला असण्याची शक्यता दाट. खेळण्यातल्या किंवा जुन्या साध्या गाड्यांच्या कित्येक ईएससींना कटऑफ नसतोच. तिथं लायपो घालायची तर बाहेरून राखण लावणं भाग आहे, त्याचं पुढं सांगतो.

उद्या 4एसवर जाल तेव्हासाठी एक गोष्ट. बरेच ईएससी चालू होताना व्होल्टेज बघून सेल किती ते स्वतःच ओळखतात. 3एस पूर्ण भरलेला असतो 12.6 वर. जवळपास रिता झालेला 4एस प्रत्येकी 3.1 वर असेल तर तो 12.4. ईएससी त्याला भरलेला 3एस समजू शकतो, आणि मग 9.6 येईपर्यंत थांबणार नाही. तेव्हा तुमचे चार सेल प्रत्येकी 2.4 वर असतील. ईएससीची सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅमिंग कार्डवरून सेलची संख्या हातानं ठरवता येत असेल तर ठरवून टाका. नसेल तर गाडीत फक्त भरलेला पॅक लावायचा. वापरून काढलेला पॅक न भरता उद्या परत लावू नये, याचं हेही एक कारण.

मला विचाराल तर कटऑफ ही शेवटची भिंत आहे, रोज तिच्यावर जाऊन आदळायचं नसतं. रोजचं काम घड्याळानं करावं, आणि ती वेळ तुमचा चार्जरच सांगतो. नवा पॅक पूर्ण भरा, गाडी दहा मिनिटं नेहमीसारखी चालवा, थांबा. परत चार्जरला लावा आणि तो किती एमएएच आत घालतो ते टिपून ठेवा. समजा 2600. म्हणजे मिनिटाला 260. 5000 च्या पॅकमधले 80 टक्के, म्हणजे 4000 वापरायचे असं धरलं तर पंधरा मिनिटं मिळाली. रिमोटला टायमर असेल तर त्यात 15 घाला, नसेल तर मोबाइलमध्ये. हे दोन-तीन वेळा करून सरासरी धरा, कारण गवतावर गाडी डांबरापेक्षा बरंच जास्त खाते आणि दांडगट हाताखाली तर विचारूच नका. गिअरचं पिनियन बदललंत, टायर मोठे घातलेत, की मोजणी नव्यानं. पॅक जुना होत गेला की त्याची क्षमताच कमी होते, तेव्हा पंधराचे तेरा, बारा करत जा. दिवसाच्या शेवटी पॅक गार झाल्यावर सेल प्रत्येकी 3.7 ते 3.75 च्या आसपास निघाले तर तुमचं गणित बरोबर आहे. 3.6 च्या खाली निघाले तर दोन मिनिटं कमी करा.

बाहेरची राखण म्हणजे बॅलन्स लीडला (पॅकमधून प्रत्येक सेलसाठी निघणाऱ्या बारीक तारांच्या कनेक्टरला) लावायचा बजर. दीड-दोनशे रुपयांत मिळतो, एक ते आठ सेल वाचतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक सेल वेगळा वाचतो. ईएससीला न दिसणारा दुबळा सेल याला दिसतो. ज्या गाडीला कटऑफ नाही तिला तो हवाच, आणि जिला आहे तिलाही माझा सल्ला हाच. लावताना वजा खूण असलेल्या पिनेवर काळी तार येते ना, एवढं बघा. बटणानं 3.4 किंवा 3.5 ला ठेवा. जोरात थ्रॉटल दिल्यावर क्षणभर ‘पीं’ करून गप्प बसला तर घाबरू नका, तो व्होल्टेजचा झटका आहे. थ्रॉटल सोडल्यावरही ओरडत राहिला तर गाडी आणा. ब्रशलेस मोटरच्या आवाजात तो लांबून ऐकू येत नाही ही त्याची मर्यादा. बॉडीखाली दाबून न ठेवता खिडकीच्या भोकाशी टेपनं चिकटवा. आणि खेळ संपल्यावर तो काढून ठेवा. बजर स्वतःही त्याच पॅकवर जगतो, आणि बऱ्याच स्वस्त बजरांची भूक पहिल्या एक-दोन सेलांवरच भागते. दोन-तीन आठवडे तसाच राहिला तर राखणदारच पॅक संपवतो, तोही असमान.

इथं कुणीतरी सुचवतंच की टॉर्चमधल्या 18650 या गोल लिथियम सेलांना लावतात तसला छोटा प्रोटेक्शन बोर्ड लावा. हॉबीच्या लायपो पॅकमध्ये सहसा असा बोर्ड नसतो, कारण एवढा करंट त्याला झेपत नाही. त्या स्वस्त बोर्डांवर बहुतेकदा डीडब्ल्यू01 नावाची चिप असते. ती 2.4 व्होल्टला तोडते. एकेका सेलच्या टॉर्चला ते ठीक, पण तिथवर लायपो जाऊ द्यायची तर राखण कशासाठी ठेवली? रिलेवाली कटऑफ मॉड्यूल मिळतात, तीही बगीच्या करंटला पुरी पडत नाहीत, आणि रिले ओढून धरायला ती स्वतःच वीज खातात.

बाहेरून कटऑफ बांधायची खरी गरज दुसरीकडे आहे. इंजिनिअरिंगची मुलं स्पर्धांसाठी जे रोबो बनवतात, त्यांत आरसीचा ईएससी नसून मोटर ड्रायव्हर आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) असतो. त्या ड्रायव्हरला लायपो म्हणजे काय ते ठाऊक नसतं; पॅक शून्यावर जाईपर्यंत तो मोटर फिरवत राहतो. रात्रभर वर्कशॉपमध्ये टेस्टिंग चालतं आणि सकाळी 3एस पॅक फुगलेला सापडतो. तिथं व्होल्टेज विभागणारा दोन रोधांचा डिव्हायडर पुरतो: वर 30 किलोओम, खाली 10, म्हणजे चौथा हिस्सा. 9.9 व्होल्ट (प्रत्येकी 3.3) चे 2.475 होतात, आणि पाच व्होल्टच्या आर्डुइनो उनोवर रीडिंग (0 ते 1023 मधलं) 506 च्या आसपास येतं. त्याखाली सलग दोन-तीन सेकंद राहिलं तर मोटर बंद करून बजर वाजवायचा. एका रीडिंगवर बंद केलंत तर मोटर सुरू होतानाच्या झटक्यालाच रोबो थांबेल. परत चालू व्हायचं बंधन मात्र पॅक काढून लावण्यावरच ठेवा, नाहीतर थांबला-सुटला-थांबला असं नाचत बसेल. हा डिव्हायडरसुद्धा 0.3 मिलीअँपिअर खातो, दिवसाला सात-साडेसात एमएएच. थोडे वाटतात, पण सुट्टीत रोबो कॉलेजात जोडलेला राहिला की तेही मोजायला लागतात. हातानं उपटायची एक जाड लिंक मुख्य तारेत ठेवली की हा प्रश्न मिटतो. ती पॅकच्या लगेच पुढं असावी, ड्रायव्हरच्या पलीकडे नाही.

ठेवणीचं बोलायचं तर आपल्याकडे पॅकांचा कर्दनकाळ म्हणजे पावसाळा. जूनमध्ये मैदानाचा चिखल झाला की गाड्या वर जातात त्या दसऱ्याला खाली येतात. शेवटच्या दिवशी 3.3 वर रिता करून ठेवलेला सेल कशाला न जोडताही या चार महिन्यांत आपोआप 3 च्या खाली उतरू शकतो, कारण कड्यावर उरलेलंच थोडं असतं. पूर्ण भरून ठेवणंही वाईट, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. गरम आणि भरलेला सेल झपाट्यानं म्हातारा होतो आणि फुगतो. चार्जरला ‘स्टोरेज’ असतं ते यासाठीच. तो प्रत्येक सेल 3.80 ते 3.85 वर आणून ठेवतो, गरजेनुसार भरून किंवा उतरवून. आठवड्याभरात परत चालवणार नसाल तर स्टोरेजला लावा. महिन्या-दीड महिन्यातून एकदा मीटर लावून बघा. हार्डकेस पॅकला फुगणं दिसत नाही, तेव्हा केसची जोडरेघ उघडतेय का आणि पॅक गाडीच्या खोबणीत आधीसारखा सहज बसतोय का, ते बघत जा.

आता 1.3 व्होल्टच्या सेलचं कारण. सेल फार खाली गेला की ग्राफाइटच्या ऋणाग्रातलं लिथियम संपतं आणि त्याखालच्या तांब्याच्या पत्र्याचा विभव इतका चढतो की तांबं विरघळून द्रवात उतरायला लागतं. हे साधारण दोन व्होल्टच्या खाली खरं घातक होतं. परत चार्ज केलात की ते तांबं भलत्या जागी जमतं, काटे वाढवतं, आणि एखादा काटा दोन्ही ध्रुवांमधला पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट करतो. तो आजच होईल असं नाही. चार चार्जनंतर, रात्री, चार्जरवर असताना होऊ शकतो. चार्जरनं दिलेला नकार या भीतीपोटी आहे. निकेल मोडमध्ये लावून त्याला फसवायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. तुमच्या पॅकला ती लावू नका. सेल 2.5 ते 3.0 च्या मधे असेल, आणि तिथं काही तासच राहिला असेल, तर गोष्ट वेगळी: घराबाहेर, फरशीवर, समोर बसून 5000 च्या पॅकला अर्ध्या अँपिअरनं 3.3 पर्यंत आणा, मग नेहमीच्या बॅलन्स चार्जनं भरा. हात लावून कोमट जरी लागला तरी थांबवा. भरल्यावर दोन दिवस ठेवा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा आपोआप खाली घसरला तर त्याच्या आत गळती आहे, पॅक निकालात.

तुमच्या पॅकला शून्यावर नेऊन टाकून द्यायचंय. त्यासाठी मोटरसायकलचा 12 व्होल्ट 5 वॅटचा पार्किंग बल्ब घ्या. मोठा बल्ब नको, कारण एक सेल आधीच रिता आहे आणि दुसरा त्याला उलट्या दिशेनं रेटतो. हे जितकं सावकाश होईल तितकं बरं. पॅक मातीच्या कुंडीत वाळूवर ठेवा, गॅलरीत किंवा अंगणात, आणि बल्ब दोन-तीन दिवस लावून ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला मिळेल. त्यात कनेक्टर आणि टोकं गंजून सुटतात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो, म्हणून मी तो देत नाही. मीटरवर शून्याजवळ आलं की तारा एकेक करून कापा, दोन्ही एकदम कात्रीत धरू नका, टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे, आणि आपणही त्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. घंटागाडीत टाकलेला पॅक दाबणीत चिरडला की पेट घेऊ शकतो.